वहीतल्या कोऱ्या तारखा

मेघनानं (नाव बदललं आहे) पर्समधून शंभरपानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. सप्टेंबर २०२३ची गोष्ट. "बघा मॅडम, जूनपासून पाच वेळा आजारी. त्याआधी तीन वर्षांत साधं नाकसुद्धा गळलं नव्हतं. घरात कोंडून आम्हीच त्याची प्रतिकारशक्ती मारली का?"

मुलगा जुलै २०२०चा. पहिली दोन वर्षं घर, गॅलरी आणि आजी-आजोबा, एवढंच त्याचं जग. पुढंही धास्तीनं माणसांत फारसा नेलाच नाही. जूनमध्ये नर्सरीत गेला आणि सर्दी-खोकला सुरू झाला. "पोराला वाराच लागू दिला नाहीत," असं सासूबाई उठता-बसता ऐकवत होत्या. बालरोगतज्ज्ञांनी मुलाला तपासलं होतं. वजन छान वाढत होतं, छाती साफ होती. माझ्याकडे पाठवलं होतं ते आईला, कारण तिची झोप उडाली होती.

हा अपराधीपणा मी कितीतरी आयांच्या डोळ्यांत पाहिला आहे, आणि तो अनाठायी आहे हे मी दर वेळी तितक्याच कळकळीनं सांगते. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, तोंडाला मास्क आले, तसे फ्लू आणि आरएसव्ही हे विषाणू जगभर जवळपास दिसेनासे झाले. आरएसव्ही म्हणजे तान्ह्या मुलांची छाती भरवणारा विषाणू. एरवी दोन वर्षांचं होईपर्यंत तो बहुतेक प्रत्येक मुलाला एकदा तरी गाठतोच. ऑस्ट्रेलियात तर त्या हिवाळ्यात तो जवळजवळ आलाच नाही आणि निर्बंध सैल झाल्यावर ऐन उन्हाळ्यात उसळला. एरवी पुढेमागे आजारी पडणारी मुलं एकदम आजारी पडली.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये याला 'प्रतिकारशक्तीचं कर्ज' म्हटलं. मला हा शब्द आवडत नाही. कर्ज म्हटलं की आईला वाटतं, मुलाच्या शरीरातलं काहीतरी खर्चून गेलं. तसं काही झालेलं नसतं. शरीराची लढण्याची ताकद शाबूत असते, फक्त त्या विषाणूंशी पहिली गाठ उशिरा पडते. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच, शाळेच्या पहिल्या वर्षी त्याहूनही जास्त. आणि आरएसव्हीचा खरा धोका असतो तो पहिल्या काही महिन्यांत. तेवढे महिने तिचं बाळ त्यातून वाचलं, हे मी तिला मुद्दाम सांगितलं.

मग वही उघडली. तारीख, ताप, औषध, रात्री किती वेळा खोकला. '१०१.२, दोनदा उलटी, ३.४० वाजता जाग.' मी मधल्या तारखांवर बोट ठेवलं. "हे अकरा दिवस काय झालं?"

"काहीच नाही. बरा होता."

"मग तेही लिहायचं."

ती गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबांचा खोकला असाच सुरू झाला होता." एप्रिल २०२१. पाच दिवसांत वडील गेले, शेवटचं दर्शनही झालं नाही. मुलगा खोकला की तिला ऐकू यायचे वडील. पुढचा पाऊण तास आम्ही फक्त त्यांच्याबद्दल बोललो. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

निघताना तिला हातात धरण्यासारखं काहीतरी द्यायचं होतं. मूल शांत असताना पोटाची हालचाल बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा जास्त भरले, श्वास घेताना छातीखाली खड्डा पडला, ओठ निळसर दिसले, मूल पाणी पीत नसेल किंवा मलूल पडलं, तर रात्र असो की दिवस, डॉक्टर गाठायचेच. लॉकडाऊनमध्ये राहिलेल्या लशी कार्डावर तपासून घ्यायलाही सांगितलं. २०२२मध्ये मुंबईत गोवर पसरला, तेव्हा चुकलेले डोस किती महागात पडतात ते दिसलंच होतं. आणि शाळा सोडवायची नाही. आजारपणात घरी, बरा झाला की वर्गात.

गणपतीनंतर ती परत आली. मधे एकदा सर्दी होऊन गेली होती. वहीत त्या रात्रीपुढे लिहिलं होतं: 'खोकला. श्वास २८. झोपले.' त्याखाली, पूर्वी कोऱ्या राहिल्या असत्या अशा तारखांना: 'आरतीला झांजा वाजवल्या. चार मोदक. आजोबांच्या फोटोला एक.'