280 दिवसांचा मुक्काम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या काळप्रवासाच्या कादंबरीची 212 पानं दोनदा वाचून झाली. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पेन्सिल पान 9 वर अडली, पुढे 64 वर अडली, आणि 118 वर मी ती खालीच ठेवली. तिथे तुझा नायक कोल्हापूरच्या भवानी मंडपातल्या गर्दीत उभा आहे आणि शाहू महाराज स्वतः मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागांचा जाहीरनामा वाचून दाखवतायत. तारीख 26 जुलै 1902. लोकांच्या टाळ्या, नायकाच्या डोळ्यांत पाणी.

अरे राजा, महाराज त्या दिवशी कोल्हापुरात नव्हतेच. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले होते. (तो समारंभही राजाच्या आजारपणामुळे जूनचा ऑगस्टवर गेला होता.) हुकूम निघाला तो कागदावर आणि करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला. मंडप, भाषण, टाळ्या हे सगळं तू सिनेमातून उचललंस.

हे वाचून वही फेकून देशील म्हणून घाईने पुढचं सांगते. तुझ्या कादंबरीतलं सगळ्यात चांगलं प्रकरण याच चुकीखाली दडलंय. सव्वाशे वर्षं मागे जाऊन तुझा पोरगा तो दिवस बघायला उभा राहतो आणि बघण्यासारखं काहीच घडत नाही. शनिवार आहे. जुलै आहे, म्हणजे पंचगंगा भरून चाललेली, रस्त्यांवर चिखल. बाया ओल्या लाकडांनी चूल पेटवतायत. एका कचेरीत कुणीतरी कागद वाचतो, कपाळाला आठ्या घालतो किंवा घालत नाही, आणि जेवायला घरी जातो. एवढं मोठं काही झालंय हे अख्ख्या गावात फक्त तुझ्या नायकाला माहीत आहे, आणि सांगायला त्याच्याजवळ माणूस नाही. ते लिही.

काळप्रवासाच्या गोष्टीत यंत्र, दार, प्रकाशाचा झोत याला मी फार किंमत देत नाही. अवघड काम वेगळंच आहे. तिथल्या माणसांना पुढचं माहीत नसतं, आणि तुला असतं. तुझं ते माहीत असणं तुझ्या प्रत्येक पात्राच्या तोंडून गळतंय. तुझा 1902 चा किराणा दुकानदार म्हणतो, ‘एक दिवस हे राज्य विलीन होईल.’ त्याला काय स्वप्न पडलं होतं? संस्थान विलीन झालं 1 मार्च 1949 ला. त्याला फार तर या वर्षी प्लेग परत येतो का, याची काळजी असेल. ‘आरक्षण’ हा शब्दही कुणाच्या तोंडी घालू नकोस. आणि तुझी म्हातारी सारखी ‘धन्यवाद’ म्हणते! माझ्या आजीने आयुष्यात कुणाला धन्यवाद दिले नाहीत, ताटात वाढलं.

(भाषेवरून आठवलं. आपल्याकडच्या बायका ‘मी जातो, मी आलो’ म्हणतात ते तू तसंच ठेवलंयस, फार बरं वाटलं. पुण्याचा संपादक त्यावर लाल खूण करील. करू दे. तू बदलू नकोस.)

आता पान 64. तुझं दार मला मनापासून आवडलं. किरणोत्सवात मावळतीचे किरण अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तेव्हा ते उघडतं. हा सूर्याचा हिशेब आहे: 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, नंतर 9, 10, 11 नोव्हेंबर. तिथीवर ठरवलं असतंस तर दर वर्षी पंचांग उघडून बसावं लागलं असतं. पण नियम केलास आणि पुढच्याच पानावर तो मोडलास. पोरगा 2 फेब्रुवारीला आत शिरतो आणि तू लिहितोस, ‘काही महिने लोटले.’ लगेच 26 जुलै! मधले 174 दिवस तो जेवला कुठे? झोपला कुठे? त्याला कुणी आडनाव, गाव, जात विचारली नाही? 1902 मध्ये हे न विचारता कुणी पाणी तरी दिलं असतं का? जुलैचा दिवस बघून झाला तरी परतीचं दार 9 नोव्हेंबरशिवाय उघडत नाही. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, 2 फेब्रुवारी ते 9 नोव्हेंबर बरोबर 280 दिवस होतात. बाईला बाळंतपणाची तारीख देताना धरतात तेवढेच. हा योगायोग तुला फुकट मिळालाय, पण कादंबरीत त्याचं नाव काढू नकोस. ज्याला कळायचं त्याला कळेल.

या 280 दिवसांसाठी त्याला काम लागेल. मी असते तर त्याला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगात भांडी घासायला लावलं असतं. ते 1901 मध्ये सुरू झालं, म्हणजे तेव्हा नवंकोरं होतं. तिथे खेड्यातून शिकायला आलेली पोरं त्याला भेटतील. जुलैचा तो कागद ज्यांच्यासाठी निघाला त्यांच्या ताटात तो आमटी वाढत असेल, आणि त्या पोरांना उद्याच्या गणिताच्या तासाची धास्ती.

एक काम तुला या महिन्यात करायचंय. मोठा कागद घे आणि 1902 च्या कोल्हापुरात काय नव्हतं त्याचा नकाशा काढ. खासबाग मैदान नाही, ते 1912 चं. शाहू मिलचा भोंगा नाही, मिल 1906 ची. पॅलेस थिएटर नाही; आपण ज्याला केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जे जळताना बघितलं, ते. राधानगरीचं धरण नाही, म्हणजे नदीला वर अडवणारं कुणी नाही. रंकाळा आहे, पण काठावर शालिनी पॅलेस नाही. बिंदू चौक म्हणायचं नाही, तिथे रविवार वेस होती. माझ्या पहिल्या कादंबरीत 1912 सालचा नायक ‘बिंदू चौकात’ उतरला होता. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर एवढंच: ‘बाई, तुमचा माणूस तीस वर्षं लवकर उतरला.’ ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

नकाशा पुरा झाला की जे होतं ते भर. 1850 पासूनचं नगर वाचन मंदिर, टाऊन हॉल, नवा राजवाडा, आणि 1891 मध्ये मिरजेहून आलेली आगगाडी. आगगाडीचीही एक गंमत आहे. त्या काळी हिंदुस्थानातल्या रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालत. कोल्हापूरचा सूर्य मद्रासच्या मागे साधारण 24 मिनिटं. देवळातल्या सावलीवरून वेळ ओळखून निघालेल्या माणसाची गाडी हमखास चुकणार. 1906 पासून नवी प्रमाणवेळ आली, तीच आज आपल्या मोबाईलवर आहे, आणि तिच्याही मागे आपला सूर्य 33 मिनिटं आहे. म्हणजे काळाचा घोळ घालायला तुला विज्ञानकथेचीही गरज नाही, स्टेशनात जाऊन उभा राहा.

पैशाचं थोडक्यात. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. तुझ्या पोराच्या खिशातली दहाची नोट तिथे फक्त विस्तव पेटवायच्या कामाची.

पुरालेखागारात जायचं तर मोडी शीक. मी चाळिशीत शिकले, तू पंचविशीचा आहेस. पहिले दोन महिने सगळी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतील, मग एके दिवशी ‘दाखल’ हा शब्द वाचता येईल आणि तू घरी येऊन सगळ्यांना सांगशील. मोठे हुकूम शोधू नकोस, ते पुस्तकांतून छापलेले आहेत. घोड्यांच्या चंदीचा हिशेब, गळक्या छपराची तक्रार, रजेचा अर्ज असलं शोध. दप्तर बांधून परत देताना धुळीने हात काळे होतात. नायकाचे हात त्यानंतर लिही.

माझी लिहायची पद्धत विचारलीस. पद्धत कसली, सवय आहे. बँकेत नोकरी होती तोवर पहाटे साडेचार ते साडेसहा. गंगावेशीत म्हशी पिळून ग्लासात दूध देतात, तिथवर चालत जाऊन यायचं आणि बसायचं. दोन पानं. आता निवृत्त झाले तरी दोनच होतात. टेबलासमोर भिंतीवर एक तक्ता असतो, तीन रकान्यांचा: तिथली तारीख, प्रवाशाच्या अंगावरून गेलेले दिवस, आणि त्या दिवसापर्यंत त्याला काय कळलंय. मधला रकाना सगळे विसरतात. तुझ्या नायकाची दाढी 280 दिवसांत एकदाही वाढलेली नाही, बघ.

परत आल्यावरचं मात्र तुला अजून ठरवता आलेलं नाही. तो गेला त्याच क्षणी परततो, की इकडेही 280 दिवस गेलेत? पहिलं सोपं आहे. दुसऱ्यात त्याची आई पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवून थकलेली असेल. मी दुसरं घेईन. तसंच भूतकाळ बदलतो का, याचंही. एक मत असं की जे झालं त्यात तुझा प्रवासी आधीपासून धरलेलाच आहे, त्याच्या जाण्याने काही हलत नाही. दुसरं, त्याने ढवळलं की काळाला फाटा फुटतो. तिसरं, जुनं पुसून नवं लिहिलं जातं. तू तिन्ही वापरलीस, गरज पडेल तसं. एक धर. फाट्यांच्या गोष्टीत माझा जीव रमत नाही. इथे मेलेला माणूस शेजारच्या फाट्यावर जिवंत असेल तर मी रडू कशाला?

नोकरी सोडू का, असं शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. नको. माझ्या पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती संपायला सहा वर्षं लागली. त्याआधी एका प्रकाशकाने बाड दोन वर्षं ठेवून परत पाठवलं. मी पान 40 आणि 41 मध्ये घातलेला केस जागचा हलला नव्हता. पगार होता म्हणून हसू आलं. स्पर्धेला पाठव, पण ओळखीच्या परीक्षकाकडे नको. आपल्याच कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी केली, बस्स. नाव माहीत नसताना पहिलं बक्षीस मिळालं.

दसऱ्यानंतर ये, 64 पासूनची पानं नवी लिहून घेऊन. 118 एवढ्यात लिहू नकोस. तो बोर्डिंगात रुळल्याशिवाय तुला तो शनिवार दिसणार नाही.

आणि पान 9 राहिलंच. तिथे तो 1902 मध्ये पोचल्या पोचल्या ‘बुटांवरची धूळ झटकतो’. अरे, तो देवळातून गेलाय ना? मग बूट बाहेर स्टँडवर ठेवूनच आत गेला असणार. तो अनवाणी उतरणार, खिशात बूट ठेवल्याचा बिल्ला. आणि इकडे त्या स्टँडवरची बाई रात्री बंद करताना बघते, एक जोड उरलाय.

तुझी,
मावशी