क्लिप संथ केली की अडखळते आणि पुढच्या क्लिपशी डिझॉल्व्हही बसत नाही. नेमके काय चुकते आहे?

गिरगाव चौपाटीवरील विसर्जनाचे फोनवर घेतलेले चित्रण २५ टक्के वेगाने चालवले की अडखळते, आणि डिझॉल्व्ह (एक चित्र विरत असताना दुसरे उमटणे) टाकू पाहिले की दा विंची रिझॉल्व्ह हे संपादनाचे सॉफ्टवेअर क्लिप ट्रिम करण्याची, म्हणजे टोकाकडून छाटण्याची, परवानगी मागते, अशा आपल्या दोन तक्रारी आहेत. मला दोन्हींचे मूळ एकच दिसते: हव्या त्या जागी फ्रेमच शिल्लक नाहीत.

आपले चित्रण आणि टाइमलाइन (संपादनात क्लिप ओळीने मांडण्याची पट्टी) दोन्ही सेकंदाला ३० फ्रेमची असल्याने, २५ टक्के वेगावर एका सेकंदाच्या ३० फ्रेम चार सेकंद पुरवाव्या लागतात आणि प्रत्येक फ्रेम चार वेळा दिसते. रिटाइम प्रोसेस या वेगबदलाच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल फ्लो निवडल्यास सॉफ्टवेअर दोन फ्रेममधील हालचाल ताडून मधल्या फ्रेम स्वतः तयार करते. शांत पाण्यावर सरकणाऱ्या होडीला हे चालून जाते. उधळलेला गुलाल आणि एकमेकांआड जाणारे हात यांच्या कडा मात्र वितळल्यासारख्या दिसतात. म्हणून या क्लिपपुरते ५० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे.

पुढच्या वर्षी १२० फ्रेमने चित्रण केल्यास ३० च्या टाइमलाइनवर २५ टक्के वेगातही प्रत्येक फ्रेम खरी असेल, परंतु हे दिवसाउजेडीच करावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने मंडपातील जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १२० फ्रेमशी त्याचा मेळ बसत नाही आणि संथ केलेल्या चित्रात सेकंदाला सुमारे पाच वेळा लुकलुक दिसते. परळच्या एका मंडपातील माझे संपूर्ण चित्रण असेच वाया गेले. कॅमेऱ्यात १०० फ्रेमची सोय असेल, तर तिथे तीच वापरावी.

आता डिझॉल्व्हविषयी. कटच्या मध्यावर बसवलेल्या एका सेकंदाच्या डिझॉल्व्हसाठी पहिल्या क्लिपच्या कटनंतरच्या १५ आणि दुसरीच्या कटआधीच्या १५ फ्रेम लागतात. यांनाच हँडल म्हणतात. क्लिप पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत वापरली, तर हँडल उरतच नाही. ते दोन्ही बाजूंनी आपणच ट्रिम करून मोकळे करावे, म्हणजे कट कुठे पडतो हे आपल्या हातात राहते. मात्र वेग आधी ठरवावा, कारण हँडल वेगाबरोबर बदलते: मूळ १५ फ्रेम ५० टक्के वेगावर टाइमलाइनवर ३० होतात आणि २०० टक्क्यांवर जेमतेम ७ उरतात. तरीही, मिरवणुकीत ढोलाच्या ठोक्यावर पडलेला साधा कट मला बहुतेक वेळा डिझॉल्व्हपेक्षा बरा वाटतो.

ढोलताशांचा आवाज मात्र क्लिपपासून आधीच अनलिंक (वेगळा) करून मूळ वेगातच चालू द्यावा.