ती रेघ कुणी काढली?

प्रिय ताई,

पुढच्या वर्षी कुठले विषय घ्यायचे याचा फॉर्म आठ दिवसांत द्यायचा आहे आणि घरात रोज वाद होतोय. बाबा म्हणतात, गणित सोडायचं नाही. मला ते जमत नाही हे त्यांना पटतच नाही. ते स्वतः हिशेबात पक्के, त्यामुळे दुसऱ्याला एखादी गोष्ट जमत नसेल हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

मध्यंतरी मी ऑनलाइन एक टेस्ट दिली. निकाल आला : ८२ टक्के उजवा मेंदू, १८ टक्के डावा. म्हणजे मी कल्पक, भावनाशील. तर्क आणि आकडे हा माझा प्रांतच नाही. वाचून मला रडू आलं, कारण इतकी वर्षं मला जे वाटत होतं तेच कुणीतरी सांगितलं. मी कथा लिहिते, भाषेत मला ९३ आहेत. गणितात ७८. मला सरळ रीत कधी जमतच नाही. परवाच्या परीक्षेत, तिरक्या बाजू सारख्या असलेल्या समलंब चौकोनाचे खालचे दोन कोन सारखे आहेत हे सिद्ध करायचं होतं. मी पुस्तकातल्यासारखे लंब टाकायचे सोडून वरच्या कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या बाजूला समांतर अशी भलतीच रेघ काढली. सिद्ध झालं, पण सरांनी 'रीत पुस्तकातली हवी' असं लिहून एक गुण कापला. त्या नादात वेळ कुठे गेला कळलं नाही आणि शेवटचे दोन प्रश्न राहिले. माझं नेहमी असंच होतं. आईला टेस्टचा निकाल पटला. बाबांनी नुसतं हसून बाजूला ठेवला. माझा मेंदूच तसा नाही हे त्यांना कसं समजावू?

— उजव्या मेंदूची

*

भलतीच रेघ, एवढं म्हणून तू पुढे निघून गेलीस. मी तिथेच अडकले. बाबा, आई, ८२ टक्के, सगळं राहिलं बाजूला. मी आधी कागद घेऊन तो समलंब चौकोन काढून बघितला.

पुस्तकातली रीत ठाऊक आहे. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून लंब टाकायचे, दोन टोकांना दोन काटकोन त्रिकोण मिळतात, ते एकरूप दाखवायचे, सुटलो. काही वाईट नाही त्यात. तू काय केलंस? एकाच कोपऱ्यातून समोरच्या बाजूला समांतर रेघ खाली आणलीस. त्यासरशी एकीकडे समांतरभुज चौकोन उभा राहिला, म्हणजे तुझी रेघ आणि समोरची बाजू सारख्या लांबीच्या झाल्या. समोरची बाजू तर अलीकडच्या तिरक्या बाजूएवढी आहे हे प्रश्नातच दिलेलं. मग उरलेला त्रिकोण समद्विभुज ठरला, त्याच्या पायाचे दोन्ही कोन सारखे, आणि त्यातला एक, रेघा समांतर असल्यामुळे, थेट पलीकडच्या कोनाएवढा. संपलं. दोन लंबांच्या जागी एक रेघ.

ती रेघ आकृतीत नव्हती. प्रश्नात तिचा उल्लेख नव्हता, पुस्तकातही नव्हता. ती तुला सुचली. बरं, सुचून भागत नाही. ती काढल्यावर कशामुळे काय सारखं होतं, हे ओळीने लिहीत तू शेवटपर्यंत गेलीस आणि वाटेत कुठे घसरली नाहीस. घसरली असतीस तर सरांनी एकावर थांबून सोडलं नसतं. आता तूच सांग, यातलं कल्पक किती आणि तर्काचं किती? कुठल्या ओळीवर तुझ्या उजव्या मेंदूने पेन खाली ठेवलं आणि डाव्याने उचललं?

आणि हे सगळं तू मला पाठवतेस कशासाठी, तर तुला गणित जमत नाही याचा पुरावा म्हणून! मला खरंच राग आला. सरांचा थोडा, तुझा जास्त.

तुझ्या त्या टेस्टबद्दल बोलू. अशा टेस्टमध्ये विचारतात काय? तुम्ही निर्णय मनाने घेता की विचाराने, तुम्हाला याद्या करायला आवडतात की स्वप्नं बघायला, आकड्यांची भीती वाटते का. उत्तरं देणारी तू. इतकी वर्षं स्वतःला 'मी गणितातली नाही' असं बजावत आलेली मुलगी या प्रश्नांना काय उत्तरं देणार? तू जे सांगितलंस त्याचीच बेरीज करून, वर टक्क्याचं चिन्ह लावून त्यांनी तुला परत दिलं. तुझ्या मेंदूकडे त्यात कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. रडू आलं ते मी समजू शकते. आपलंच मत छापून आलं की फार खरं वाटतं.

डाव्या-उजव्याची ही गोष्ट मुळात हवेतून आलेली नाही, हे मात्र खरं. अपस्माराचे झटके कशानेच आटोक्यात येत नव्हते अशा काही रुग्णांमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा डॉक्टरांनी कापला होता. १९६० च्या दशकात रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी अशा रुग्णांवर प्रयोग केले. नजरेच्या डाव्या बाजूला क्षणभर एखाद्या वस्तूचं चित्र दाखवलं की ते फक्त उजव्या अर्धगोलाला पोचतं. रुग्ण म्हणायचा, मला काही दिसलं नाही. पण त्याच उजव्या अर्धगोलाच्या ताब्यातला डावा हात पडद्याआडच्या वस्तूंमध्ये चाचपडून नेमकी ती वस्तू उचलायचा! थक्क करणारं काम होतं. स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. पुढे त्याचं सोपं, गुळगुळीत रूप बाजारात आलं : डावा मेंदू हिशेबनीस, उजवा कलावंत. स्पेरींचे ते रुग्ण पट्टा कापलेले होते, एवढंच सांगायचं राहून गेलं. तुझा पट्टा शाबूत आहे. त्यात सुमारे २० कोटी तंतू आहेत आणि तू ती रेघ काढत होतीस तेव्हा त्यांच्यातून दोन्हीकडे अखंड ये-जा चालू होती.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ ते २९ वर्षं वयाच्या १०११ जणांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. काही कामांमध्ये डावी बाजू पुढे असते, काहींमध्ये उजवी, हे त्यांनाही दिसलं. पण एखादा माणूसच एकूण डाव्या बाजूचा किंवा उजव्या बाजूचा, असं काही सापडलं नाही.

आता खरी गंमत. मेंदूत एका बाजूला सगळ्यात ठळकपणे झुकलेलं काम कोणतं, माहीत आहे? भाषा. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्येच, बोलणं गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी करून, दुखापत डाव्या अर्धगोलात दाखवली होती. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक सगळ्यांमध्ये भाषेचं मुख्य काम डावीकडे चालतं. आकृती फिरवून बघणं, जागेचा, अंतराचा अंदाज घेणं यांत उजवी बाजू चांगलीच कामाला लागते, आणि संख्यांचा लहान-मोठेपणा ताडताना तर दोन्हीकडचे भाग जागे होतात. म्हणजे टेस्टच्याच हिशेबाने मोजायचं तर तुझे भाषेतले ९३ डाव्या मेंदूचे आणि ती रेघ उजव्या मेंदूची! ८२ आणि १८ यांची अदलाबदल करायला हवी. करू नकोस, तेही तितकंच खोटं ठरेल. पण ज्या कागदावर तू पुढची वर्षं लावायला निघालीस, तो स्वतःच्या नियमालासुद्धा धरून नाही, एवढं बघून ठेव.

आईला पटलं, यात आईला मी बोल लावणार नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या शिक्षकांना विचारलं होतं, तेव्हा दहापैकी नऊ जणांना मुलांमधले फरक या डाव्या-उजव्या मेंदूने समजतात असं वाटत होतं. शिकवणाऱ्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलीस.

मग तुला 'जमत नाही' असं वाटतं ते कशामुळे? ७८ आणि ९३ हे दोन आकडे तू शेजारी-शेजारी लिहिलेस ना, त्यामुळे. हर्बर्ट मार्श नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये या गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं. भाषेत चांगले गुण मिळवणारी मुलं बहुधा गणितातही चांगले गुण मिळवतात. दोन्ही हातात हात घालून चालतात. पण त्याच मुलांना 'तू कशात चांगला' असं विचारलं की दोन्हींचा संबंध जवळजवळ तुटतो. कारण मूल स्वतःला वर्गातल्या इतरांशी ताडून बघतं, तसंच स्वतःच्या एका विषयाला दुसऱ्याशीही ताडून बघतं. भाषेत ६५ पडणारी तुझी एखादी मैत्रीण गणितातले ७८ घेऊन घरभर नाचली असती आणि 'मी गणितातली' म्हणून मोकळी झाली असती. तुझ्याकडे ९३ आहेत, म्हणून तेच ७८ तुला नापास झाल्यासारखे वाटतात. तू गणितात कमी पडलेली नाहीस. भाषेत जास्त आहेस. याला दुखणं समजून घरात भांडणं करणारी तू पहिली नाहीस, पण म्हणून मी तुझी समजूत काढत बसणार नाही.

शिवाय ते ७८ आले कसे? शेवटचे दोन प्रश्न हात न लावता सोडून! का सोडलेस, तर एका आकृतीत वेळेचं भान राहिलं नाही. हे वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंयस. परत वाच. न आवडणाऱ्या विषयात कुणाची अशी तंद्री लागते का गं? तिथे लोक घड्याळाकडे बघत बसतात.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यात एक शब्द शोधला. 'जमत नाही' आहे, 'प्रांत नाही' आहे, 'मेंदू तसा नाही' आहे. 'आवडत नाही' कुठेच नाही. तो असता तर माझं उत्तर चार ओळींचं झालं असतं : सोड गणित, बाबांना सांग मला नको, आणि ते काय म्हणतील ते ऐकून घे. नको असलेला विषय नको म्हणून सोडायला मेंदूच्या निकालाची गरज नसते. शाळेला दांडी मारायची असली की पोरं पोट दुखत असल्याची चिठ्ठी आणतात, तसा हा ८२ टक्क्यांचा कागद तू बाबांपुढे धरला आहेस. मला वाटतं तो गणिताला टाळण्यासाठी नाहीच. भाषेत तुला सहज मिळतं, गणितात झगडून मिळतं, आणि झगडणारी मुलगी हुशार दिसत नाही अशी तुझी समजूत आहे. बरोबर असेल तर हे वाक्य तुला झोंबलं असेल. झोंबू दे.

कथा लिहिणाऱ्यांनी गणितापासून लांब राहायचं असतं असंही तुझ्या मनात दिसतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या गणितात भुंग्यांचा एक थवा आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढलं तर जितके येतात तितके भुंगे मालतीच्या फुलांवर गेले, थव्याचा आठ-नवमांश भागही निघून गेला. मागे उरला एक भुंगा, सुगंधाच्या मोहाने रात्री कमळात अडकून गुणगुणणारा, आणि बाहेरून त्याला साद घालणारी त्याची भुंगी. थवा किती? श्लोकात विचारलंय हे. उत्तर ७२ येतं, पण ते तू स्वतः काढून बघ. मला तर उत्तरापेक्षा त्या भुंगीचीच काळजी वाटते, आणि मला वाटतं ती वाटावी म्हणूनच तिला गणितात घेतलं असणार.

तेव्हा ऐक. फॉर्मवर गणित लिही. उद्याच लिही, आठवा दिवस उजाडायची वाट बघू नकोस. कथाही लिहीत राहा, त्या सोड असं कुणी म्हटलेलं नाही. पुढच्या परीक्षेला प्रश्नपत्रिका हातात आली की कुठल्या प्रश्नाला किती मिनिटं ते आधी कडेला लिहून ठेव आणि मिनिटं संपली की जागा सोडून पुढे जा, रेघ कितीही सुंदर असली तरी. हा वेळेचा प्रश्न आहे, सरावाने सुटतो. पुढच्या वर्षीचं गणित आत्तापेक्षा जड असणार. काही दिवस काहीच सुचणार नाही, तेव्हा ती टेस्ट आठवेल आणि 'बघा, मी सांगत होते' असं म्हणावंसं वाटेल. त्या दिवशी सरांकडे जा, अडलेलं गणित घेऊन. जाताना ही उत्तरपत्रिकाही ने आणि कापलेल्या गुणाबद्दल विचार. सिद्धता बरोबर असेल आणि प्रश्नात अमुकच रीत वापरा असं म्हटलेलं नसेल, तर तो गुण तुझा आहे. नम्रपणे माग, पण माग.

राहिले बाबा. तू गणित घेतलंस की त्यांना आपलंच म्हणणं खरं झालं असं वाटणार, दोन-तीन दिवस ते जरा जास्तच खुशीत असणार, नातेवाईकांना फोन करून सांगतीलही. ते ऐकून तुला फॉर्म फाडून टाकावासा वाटेल. त्यांची समजूत चुकीची आहे. त्यांना तुझी ती रेघ माहीतसुद्धा नाही. दाखवायची असेल तर दाखव, नसेल तर राहू दे. पण त्यांना जिंकू द्यायचं नाही म्हणून गणित सोडू नकोस.