मी पुण्याची, नवरा फौजेत आहे, तो फील्ड पोस्टिंगला गेलाय, मुलाला घेऊन खानापूरकडं सासरच्या मोठ्या घरात राहू की बेळगावात खोली घेऊन एकटी राहू?

मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगते. आमचे हे पहिल्यांदा फील्डला गेले (तिथं फॅमिली नेता येत नाही हे तुला माहितीच असेल) तेव्हा मी कॅम्पजवळ खोली घेतली, पोरगं तीन वर्षांचं होतं, दिवस कसातरी जायचा खरं सातनंतर ती खोली खायला उठायची. दुसऱ्या खेपेला सरळ सासरी, खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या गावी गेले, सासूबाई, थोरले दीर-जाऊ, चुलत सासरे, काकू, पोरंबाळं धरून तेरा माणसं.

जा, खरं पाहुणी म्हणून जाऊ नको. मी तीच चूक केली, पहिले आठ दिवस सगळे "बस गं, बस" म्हणाले आणि मी बसले, नवव्या दिवशी जाऊबाईंचं तोंड एवढंसं. मग मी सकाळची भाकरी माझ्याकडं घेतली, कुणाला विचारलं नाही, उठून पिठात हात घातला तेव्हा कुठं घरातली झाले. पैशाचं पण तसंच, सासूबाईंच्या हातात नोटा दिल्या की त्या परत माझ्याच पोराच्या खिशात यायच्या, म्हणून दर महिन्याला बेळगावला जाऊन फौजेच्या कॅन्टीनमधनं चहापूड, साबण, तेल आणायला लागले. वस्तूला कोण नको म्हणत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडं काजू. काकू आणि मी झाडाखाली बसून बोंडूपासनं (म्हणजे काजूच्या फळापासनं) बी पिरगळून वेगळी करायचो, ओल्या बीचा चीक लागला की कातडी जळते म्हणून आधी हाताला खोबरेल चोळायचं, तरी माझी बोटं महिनाभर काळी होती. ते करता करता काकू ह्यांच्याबद्दल बोलायच्या. चौथीत असताना शाळा बुडवून ह्याच झाडावर बसलेले, मास्तर खाली उभे आणि हे वरनं बोंडू फेकतायत. लग्नाला सात वर्षं झाली, हे मला ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं! ज्याची आठवण येते त्याच्याबद्दल बोलणारी माणसं आजूबाजूला असणं वेगळं असतंय, खोलीवर मी फक्त फोनकडं बघत बसायची. (तू पुण्याची म्हणतेस तर एक सांगते, आमच्याकडं बायका पण "मी येतो, मी जातो" म्हणतात, पहिल्यांदा ऐकून हसू नको, मी हसले होते आणि काकूंनी दोन दिवस अबोला धरला.)

आता त्रास. रात्री साडेआठला फोन यायचा, आधी सासूबाई, मग दीर, मग "जेवलास काय, थंडी हाय काय" करत अख्खं घर, माझ्या हातात येईपर्यंत एकतर रेंज गेलेली नाहीतर ह्यांची ड्यूटीची वेळ झालेली. तीन महिने मी गप्प राहिले आणि रात्री उशीत रडले. शेवटी ह्यांनाच सांगितलं की गुरुवारी फोन माझ्या नंबरवर करायचा, पावणेआठला, त्या दिवशी मी पोराला घेऊन पाण्याच्या टाकीजवळ जायचे कारण रेंज तिथंच. दीर एकदा चिडवले, बाकी कुणी काय म्हणालं नाही. मी उगाच घाबरत होते.

पोराच्या संगोपनात बारा जण सल्ले देणार, ते सोड, त्याच्या बदल्यात तुला दुपारी एक तास दार लावून झोपता येतंय. माझं पोरगं तर शेजारच्या पोरांकडनं कन्नड शिकलं, आता मला बाजारात तोच दुभाष्या.

पावसाळ्याची मात्र तयारी ठेव. आमच्या भागात जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही, लाइट जाते, पोराला रात्री ताप आला तर डॉक्टर लांब, तापाचं औषध आणि एक चांगली बॅटरी घरात असू दे. ह्यांची वर्षाची 60 दिवसांची सुट्टी, ती हे थोडी गणपतीला आणि थोडी भाताच्या सुगीला काढतात, तुझ्या नवऱ्याला पण आत्ताच विचारून ठेव, म्हणजे माहेरचे पंधरा दिवस त्याच्या मागं-पुढं बसवता येतील.

आणि सासरच्या घरात स्वतःला खोली निवडताना आधी मोबाइल घेऊन सगळीकडं फिरून बघ, रेंजची दांडी कुठं येते ते.