उत्तरपत्रिकेची प्रत मागितली तर सर डूख धरतील का?

"मॅडम, तक्रार केली तर पुढच्या सेमिस्टरला मुद्दाम पाडतील." निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात हे वाक्य कुठे ना कुठे येतंच. कुणी सरळ बोलतं, कुणी 'बाबा म्हणतात, विद्यापीठाशी कोण भांडणार' असं आडून सांगतं.

वैदेही (नाव आणि तपशील बदलले आहेत) आली होती झोप लागत नाही म्हणून. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, तोवर एकही विषय राहिलेला नाही, आणि एका पेपरात ८० पैकी १९. घरी तिने 'निकाल राखीव आहे' असं सांगून ठेवलं होतं. एका श्वासात म्हणायची, "पेपर तपासलेलाच नाही," आणि पुढच्या श्वासात, "मलाच काही येत नाही." दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असणं कठीण. आणि उत्तरपत्रिका न बघता दोन्ही सारखीच हवेतली.

म्हणून मी तिला न्याय मागायला सांगितलं नाही. आधी प्रत मागायला सांगितलं.

ही प्रत म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट केलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याच्या अर्थाने 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका बघण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षकाचं नाव मात्र उघड करण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. 'सर डूख धरतील' या वैदेहीच्या भीतीसाठी हा दुसरा भाग जास्त कामाचा होता, कारण ओळख दोन्ही बाजूंनी झाकलेली असते. लेखी पेपर परीक्षकाकडे जातो तेव्हा साधारणपणे बैठक क्रमांक झाकलेला असतो किंवा त्या जागी बारकोड असतो. पुनर्मूल्यांकनाला, म्हणजे उत्तरं नव्याने तपासायला, तो बहुधा दुसऱ्याच परीक्षकाकडे जातो. अर्ज परीक्षा विभागात पडतो, तुमच्या सरांच्या टेबलावर नाही. तिच्यावर डूख धरायला आधी ती कोण आहे हे तर कळायला हवं!

अंतर्गत गुणांचं तसं नाही. प्रॅक्टिकल, व्हायवा, असाइनमेंट यांत गुण देणारा समोर असतो, नाव माहीत असतं, विभाग लहान असतो. तिथे 'घाबरू नकोस, काही होत नाही' असं मी कुणालाही सांगत नाही, कारण ते खरं असेलच असं नाही. तिथे मी सांगते ते एवढंच: तोंडी वाद घालू नका. 'मला कोणत्या निकषावर किती गुण मिळाले, हे कळू शकेल का?' असा एक सभ्य ईमेल पाठवा आणि विभागप्रमुखांना प्रत द्या. आपल्या जमा केलेल्या कामाची नोंद जवळ ठेवा. उत्तर नाही आलं तर संस्थेची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनुसार तिने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर समाधान नसेल तर पुढच्या १५ दिवसांत लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत आणि निकालातली दिरंगाई, दोन्ही या नियमांत तक्रारीचा विषय आहेत. 'माझे गुण वाढवा' एवढीच मागणी मात्र लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

वैदेहीने प्रतीसाठीच्या अर्जाचा मसुदा आणला तो दोन पानांचा. आईचं आजारपण, पहाटेचा अभ्यास, आधीचे सगळे निकाल. मी तो पूर्ण वाचला, कारण ते कुणीतरी वाचणं गरजेचं होतं. पण परीक्षा विभागाच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसतो. कायदाही इथे रुक्ष आहे. पुनर्मूल्यांकन हा उपजत हक्क नाही. विद्यापीठाच्या नियमांत ते असेल तरच मिळतं, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका १९८४ पासून आहे, आणि तो खटला आपल्याच राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाचा होता. मेहनतीची सहानुभूती तिथे मोजली जात नाही. प्रश्न क्रमांक आणि पान क्रमांक मोजले जातात. दोन पानांच्या चार ओळी करताना ती चिडली. ते मला चांगलं लक्षण वाटलं. तोवर ती नुसतीच रडत होती.

प्रत आली, पण ती उघडेना. शेवटी माझ्यासमोर उघडली. दुसऱ्या प्रश्नात तिने विचारलं होतं त्याऐवजी भलतंच सूत्र वापरून पान भरलं होतं, आणि शून्य योग्यच होतं. तिला ते दिसलं, मी काही बोलायची गरज पडली नाही. पाचवा प्रश्न पुरवणीत होता. त्या पानांवर ना बरोबरची खूण, ना चुकीची, ना गुण. स्कॅन केलेले पेपर स्क्रीनवर तपासताना पुरवणीची पानं राहून जाणं अशक्य नाही. स्क्रीनवरच्या तपासणीची घडी बसली नाही तर काय होतं, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पाहिलंच: निकाल रखडले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

आता मागायचं काय ते स्पष्ट झालं. गुणपडताळणी म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, एवढंच बघणं. पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तर नव्याने तपासणं. काही विद्यापीठांत त्यात गुण कमीही होऊ शकतात, म्हणून आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचूनच ठरवायचं. वैदेहीच्या विद्यापीठात न तपासलेलं उत्तर गुणपडताळणीत धरतात. तिने तेवढंच मागितलं.

सोबत मी तिला पुरवणी परीक्षेचा फॉर्मही भरायला लावला. 'म्हणजे मी हरले असं मान्य करायचं?' हा तिचा प्रश्न. गुणपडताळणीचा निकाल कधी येईल यावर आपला ताबा नसतो, फॉर्मची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही. ती फी वाया गेली तरी परवडते, वर्ष नाही.

१९ चे २७ झाले. उत्तीर्ण व्हायला ३२ लागत होते. निकाल आला तेव्हा पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपून गेली होती, पण तिचा फॉर्म भरलेला होता. परीक्षेला बसली, पास झाली. 'मलाच काही येत नाही' हे वाक्य प्रत पाहिल्यापासून बंद झालं होतं, गुण वाढण्याच्या आधीच. घरी खरं काय ते तिने ती प्रत समोर ठेवूनच सांगितलं. बाबा थोडे रागावले, ते खोटं बोलण्यावरून.

अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी निकालाच्या तारखेपासून मोजतात, मार्कशीट हातात पडल्यापासून नाही. ती चुकली तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या फीने अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. विद्यापीठाची स्वतःची फी जास्त असली तरी हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेबाबतच्या प्रकरणात सांगितलं आहे. पण उत्तरपत्रिका जपण्याचा काळ ठरलेला असतो. ती एकदा नष्ट झाली की हक्क कागदावरच राहतो. म्हणून ज्यांना अजून धीर होत नाही त्यांनी अर्ज तेवढा मुदतीत करून टाकावा. आलेली प्रत कधी उघडायची ते नंतर ठरवता येतं.