नवीन ब्लॉगर आहे. इतरांचे चांगले वैयक्तिक ब्लॉग कुठे सापडतात? आणि ते आपल्या ब्लॉगवर सुचवावेत का?

तुम्ही विचारलंय की असे ब्लॉग सापडतात कुठे, आणि शेवटी काळजी व्यक्त केलीये की दुसऱ्याचं लेखन सुचवलं तर आपले मोजके वाचक तिकडेच रमतील. काळजीचं उत्तर आधी देते, कारण तिच्यापायी बरेच जण शोधायच्या वाटेलाच जात नाहीत. वाचक जात नाहीत. मी नऊ वर्षं बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांबद्दल लिहिते आहे, तिथला स्वयंपाक, सणवार, बिऱ्हाडं. रोजचे वाचक साठ-सत्तर. त्यांना मी ज्या ज्या लेखाकडे पाठवलं तिथून ते परत आले, आणि पुष्कळदा ‘असं अजून काही आहे का’ विचारत आले.

आता शोधण्याबद्दल. गूगलवर ‘मराठी ब्लॉग’ टाकलंत तर ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्या येतात, बहुतेक एकीवरून दुसरी उतरवलेली. स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिणारा माणूस आपल्या लेखात ‘ब्लॉग’ हा शब्द फारसा वापरतच नाही. तो लिहितो ‘आमच्या घरी’, ‘मी चौथीत असताना’, ‘आजी म्हणायची’. म्हणून शोधायचे ते हेच शब्द. शिवाय आपल्या भाषेतल्या विभक्तीचा इथे फार उपयोग होतो. नुसतं ‘बडोदा’ शोधलं की हॉटेलं आणि गाड्यांची वेळापत्रकं येतात. ‘बडोद्याला असताना’ हे अवतरणचिन्हांत टाकलं की माणसं येतात. तुमच्या विषयातला एखादा शब्द घ्या आणि तो घरात बोलतो तसा, प्रत्यय लावून, ‘आमच्या’ किंवा ‘माझ्या’ला जोडून टाकून बघा.

एकदा मी असंच ‘सुरसागरच्या काठावर’ शोधलं. सुरसागर हा बडोद्यातला तलाव. दुसऱ्या पानावर एका निवृत्त गृहस्थांचा ब्लॉग निघाला. बालपण बडोद्यात, आता मुक्काम विदर्भात. सगळे मिळून एकोणीस लेख. त्यातल्या एका लेखात ते वडिलांच्या सायकलवरून कमाटीबागेत जायचे त्याचं वर्णन आहे. पुढच्या दांडीवर टॉवेलची घडी बांधलेली असे, आणि बँडस्टँडपर्यंत पोचेतो त्या घडीची गाठ मांडीला रुतायची. पण सांगितलं तर पुढच्या रविवारी नेणार नाहीत म्हणून ते बोलायचे नाहीत. मी दांडिया बाजारात वाढले, त्या बागेत शेकडो वेळा गेले, आणि त्या गाठीनंतर ती बाग मला वेगळीच दिसायला लागली. हा लेख कुठल्याही यादीत नव्हता.

असा एक ब्लॉग सापडला की त्याच्या कडेची पट्टी नीट बघा. ब्लॉगस्पॉट या गूगलच्या ब्लॉगसेवेवर पुष्कळांनी आपण वाचत असलेल्या ब्लॉगांची यादी लावलेली असते, आणि प्रत्येक नावाखाली शेवटचा लेख किती दिवसांपूर्वी आला तेही दिसतं. ‘३ आठवड्यांपूर्वी’ असलेल्यांकडे सगळेच जातात. मी ‘११ वर्षांपूर्वी’ असलेल्यांकडेही जाते. लिहिणं थांबलं म्हणून लिहिलेलं शिळं होत नाही. मात्र यातले काही दुवे उघडत नाहीत, आणि त्याचं एक साधं कारण पुष्कळांना माहीत नाही. भारतातले ब्लॉगस्पॉटचे पत्ते काही वर्षं ‘डॉट इन’ने संपलेले दिसायचे. २०२० मध्ये तो पत्ता गूगलच्या हातून गेला आणि तसे जतन केलेले दुवे एका फटक्यात बंद पडले. ब्लॉग बहुतेक वेळा जागेवरच असतो. पत्त्यातलं ‘इन’ खोडून ‘कॉम’ करा, उघडतो. तरीही नाही उघडला तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तोच पत्ता टाकून बघा. जुन्या पानाची जतन केलेली प्रत पुष्कळदा तिथे मिळते.

लेखाखालच्या प्रतिक्रियाही वाचा. ‘छान’, ‘मस्त’ सोडून द्या. ज्याने आठ-दहा ओळी लिहून आपली आठवण सांगितली आहे त्याच्या नावावर क्लिक करा. माझ्या अनुभवात अशा माणसाचा स्वतःचा ब्लॉग निघण्याची शक्यता बरीच असते. आणखी एक जुनी खाण म्हणजे ‘रेषेवरची अक्षरे’ हा ऑनलाइन दिवाळी अंक. मराठी ब्लॉगांवरचं निवडक लेखन त्यात एकत्र केलेलं असायचं. तिथून मूळ ब्लॉगांवर जाता येतं.

सापडलेलं हातचं जाऊ नये म्हणून फीड वाचक वापरा, म्हणजे आपण निवडलेल्या ब्लॉगांवरचे नवे लेख एका जागी आणून दाखवणारी सेवा. गूगल रीडर ही अशीच सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली आणि ओळखीतले कितीतरी जण तेव्हा ब्लॉग वाचायचेच थांबले, फेसबुकवर जे समोर येईल ते वाचू लागले. पण फीड, म्हणजे ब्लॉगवरच्या नव्या लेखांची वर्दी, काही बंद झालेली नाही. ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेस दोन्ही ती आपोआप देतात. फीडली किंवा इनोरीडरमध्ये ब्लॉगचा पत्ता टाकला की झालं. वैयक्तिक ब्लॉगवर लेख येतो तीन महिन्यांनी, कधी वर्षाने. तेवढं लक्षात ठेवणं आपल्याला जमत नाही.

आता सुचवण्याबद्दल, जे मला खरं तर सांगायचंय. ब्लॉग सुचवू नका, लेख सुचवा.

सुरुवातीला मी ‘माझ्या आवडीचे बारा ब्लॉग’ अशी एक नोंद लिहिली होती. प्रत्येकाचं नाव, दुवा, आणि पुढे ‘ओघवती शैली’, ‘संवेदनशील लेखन’ असे शब्द. मेहनत केली होती. रावपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या मावशीने ती नोंद वाचली आणि फोन करून विचारलं, “एवढी नावं दिलीस, पण यातलं आधी कुठलं वाचू ते सांग ने.” मी सांगायला लागले, सायकलची गोष्ट सांगितली, टॉवेलची गाठ सांगितली. ती म्हणाली, “मग हेच लिहायचं होतंस.” त्या संध्याकाळी तिने तो लेख वाचला, आणि नंतर त्या गृहस्थांचे बाकीचे अठराही.

आम्हा बडोदेकरांना हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना इथे बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरश्या असलेलं पुस्तकांचं दालन आहे, ते बघायला लोक आजही जातात. पण मला त्यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते फिरतं वाचनालय. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. गावात अख्खं ग्रंथालय नेता येत नाही, तिथली सूची नेऊन काही उपयोग नाही. कुणीतरी बसून थोडी पुस्तकं निवडायची, पेटीत भरायची आणि पाठवायची. त्या निवडणाऱ्याने आधी वाचलेलं असावं लागतं. ब्लॉगवर शिफारस करताना मी स्वतःला त्या पेटी भरणाऱ्याच्या जागी धरते.

त्यामुळे आता माझी पद्धत अशी. टेबलावर एक वही असते. लेख वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी जे आठवतं ते एका ओळीत तिच्यात लिहिते. काहीच आठवलं नाही तर तो लेख सुचवत नाही, मग लिहिणारा कितीही नावाजलेला असो. महिन्यातून एकदा, माझ्या लेखाच्या शेवटी, एकच लेख. मला त्यात काय दिसलं ते चार-पाच वाक्यांत, लेखकाचं एखादं वाक्य अवतरणात, आणि दुवा थेट त्या लेखाचा. मुखपृष्ठाचा दुवा दिला तर वाचक तिथे जाऊन सगळ्यात वरचा लेख वाचतो. तो नेमका पावसावरच्या कवितेचा निघतो आणि माणूस परत फिरतो. पूर्ण लेख कधीही उतरवून घेऊ नका. व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवा म्हणणारे असतात, त्यांना दुवाच पाठवा. लेखकाचं नाव मजकुरापासून एकदा सुटलं की पुन्हा जोडता येत नाही.

‘तुम्ही माझा दुवा द्या, मी तुमचा देते’ अशी विचारणा येईल. मी नाही म्हणते. एकदा हो म्हटलं की आपल्या बाकीच्या शिफारशींवरही वाचकाने का विश्वास ठेवावा?

एक चूक मात्र तुम्ही करू नका, म्हणून सांगते. एक बाई नवरा गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायच्या. नाव दिलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की दर रविवारी त्या पार्किंगमध्ये जाऊन नवऱ्याची स्कूटर दहा मिनिटं चालू ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. विकायची आहे असं सगळ्यांना सांगून सात महिने झाले होते. मला तो लेख इतका आतून लागला की न विचारता त्याचा दुवा दिला. बडोद्याचं मराठी जग लहान आहे. स्कूटर, सोसायटी, रविवार, एवढ्यावरून तीन दिवसांत त्यांच्या सासरच्यांनी ओळखलं. बाईंनी ब्लॉग बंद केला. मी मेल करून माफी मागितली, त्यांनी एका ओळीत ‘तुमचा हेतू चांगला होता’ असं कळवलं. तो ब्लॉग पुन्हा उघडला नाही.

लेख सगळ्यांना दिसतो म्हणजे तो सगळ्यांसाठी लिहिलाय असं नसतं. पाककृती, प्रवास, पुस्तकं यांवरच्या लेखांसाठी मी विचारत नाही, फक्त दुवा दिल्याचं कळवते. आजारपण, मृत्यू, घरातले ताण यांबद्दल कुणी लिहिलं असेल तर आधी विचारते, आणि उत्तर आलं नाही तर ते नाही समजते. अशा वेळी तुमचा आनंद त्या लेखकालाच लिहून कळवा. पाच वाचक असलेल्या माणसाला तेवढं एक पत्र पुढचे सहा लेख लिहायला पुरतं. हे मी माझ्यावरून सांगते.

तुम्ही कशाबद्दल लिहिता ते प्रश्नात दिलेलं नाही. कळवलंत तर वहीतून त्या विषयावरचे दोन-तीन लेख काढून पाठवते, प्रत्येकातलं मला काय आठवतं त्यासकट.