बटुग्रह (प्लूटोसारखे छोटे ग्रह) एवढे थंडगार असतात, मग दुर्बिणीने त्यांची उष्णता मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

हाच प्रश्न मला एमएस्सीच्या व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, विचारला होता, फक्त तुमच्यासारखा कुतूहलाने नाही, खिल्ली उडवत. रिपोर्टमध्ये मी प्लूटोचं तापमान उणे 233 सेल्सिअस लिहिलं होतं, त्याला लाल पेनाने गोल करून म्हणाले, "याला उष्णता म्हणता तुम्ही?" बाकीची पोरं हसली आणि आमचे गाईड शेजारी बसून क्रीमचं बिस्कीट उघडत होते, एक शब्द नाही.

अहो, उणे 233 म्हणजे 40 केल्विन, म्हणजे सगळ्यात कमी शक्य तापमानाच्या 40 अंश वर, शून्य नव्हे! तेवढ्यावरसुद्धा वस्तू प्रारण (डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण) सोडतेच, फक्त त्याचा जोर 70 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो आणि ते आपल्या हवेतली वाफ गिळून टाकते, म्हणून स्पिट्झर, हर्शेल या दुर्बिणी अंतराळात पाठवल्या. गंमत म्हणजे हर्शेलचा 3.5 मीटरचा आरसा स्वतःच 85 केल्विनच्या आसपास, प्लूटोहून गरम, त्यामुळे आरशाचीच चमक जास्त यायची. मग एकदा बटुग्रहाकडे, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे बघायचं आणि वजाबाकी करायची. डिटेक्टर तर 0.3 केल्विनपर्यंत गार केलेले. 2013 ला गार ठेवणारं हेलियम संपलं आणि निरीक्षणं थांबली.

आणि हा सगळा खटाटोप मुख्यतः आकारासाठी असतो, हे कुणी सांगतच नाही. नुसत्या उजेडावरून लहान-चकचकीत आणि मोठा-काळपट यांत फरक कळत नाही. चुना मारलेली गच्ची आणि डांबर लावलेली गच्ची, उन्हात कोणती तापते? तसंच. परत आलेला उजेड आणि बाहेर पडलेली उष्णता दोन्ही मोजलं की व्यास आणि पृष्ठभागाचा उजळपणा दोन्ही सुटतात.

एक्स्टर्नलना अडवायचंच होतं तर एरिस या दुसऱ्या बटुग्रहावर अडवायचं, मी मान डोलावली असती. 2006 मध्ये स्पेनमधल्या 30 मीटरच्या दुर्बिणीने (इन्फ्रारेड नाही, 1.2 मिलिमीटरच्या लहरी, पण मोजली उष्णताच) त्याचा व्यास 3000 किमीच्या आसपास काढला, आणि 2010 च्या नोव्हेंबरात तो एका ताऱ्याच्या आड गेला तेव्हा निघाला 2326, प्लूटोपेक्षा किंचित लहानच! पण तेवढं वाचलेलं असायला हवं ना.

हां, एक राहिलं, या पद्धतीत मॉडेल घुसतं. ग्रह किती वेगात फिरतो, अक्ष कुठे, पृष्ठभाग किती खडबडीत, हे बरंचसं गृहीत धरतात. माकेमाके या बटुग्रहाचे आकडे तर एका तापमानात बसेचनात, उजळ जमीन अधिक काळपट डाग असं दोन तापमानांचं धरावं लागलं. त्यामुळे आकड्यापुढचं ± (किती चूक असू शकते ते) वाचत जा.

तुम्ही विद्यार्थी असाल तर बिनधास्त हाच प्रोजेक्ट घ्या, हर्शेलचा डेटा फुकट मिळतो. तापमान सेल्सिअसमध्ये लिहूच नका, केल्विनमध्येच लिहा. आणि व्हायव्हाला आपल्या बाजूने तोंड उघडणार का, हे गाईडना टॉपिक घ्यायच्या आधीच विचारून घ्या.